बेल एकदाच वाजली

आमच्या घरात वाट पाहण्याचे खाते सौ.कडे आहे. दूधवाला, गॅसवाला, मोलकरीण, पाऊस आणि चिरंजीव या सर्वांची वाट तीच पाहते. मी अधूनमधून वर्तमानपत्रातून डोके वर काढून “आला का?” एवढे विचारतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरतो. वाट पाहण्याचीही काही एक रीत असते आणि ती चुकली तर मोठमोठी यंत्रे ठप्प होतात, हे मला या दिवाळीच्या तोंडावर प्रथमच कळले. या सदराच्या जुन्या वाचकांना माझे यंत्रज्ञान ठाऊकच आहे. शिवणयंत्रात दोरा ओवण्यापलीकडे ते गेलेले नाही. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते सारे चिरंजीवांचे, आणि त्यातला घोळ तेवढा माझा, असे समजून वाचावे.

वसुबारसेच्या आदल्या रात्रीची गोष्ट. साडेअकरा वाजून गेले होते. स्वयंपाकघरात चकल्यांचा शेवटचा घाणा चालला होता आणि टेबलावर चिरंजीवांचे ताट झाकून ठेवलेले होते. बेल वाजली. चिरंजीव आत आले ते खुर्चीत कोसळलेच.

“काय रे, इतका उशीर?” मी विचारले.

“काय सांगू, बाबा! एका बापानं आपल्या मुलांची वाटच पाहिली नाही. पोरं काम संपवून दाराशी तशीच पडून राहिली. हजारो! शेवटी जागाच उरली नाही, सगळं बंद पडलं. त्या बापालाच मारावं लागलं, तेव्हा कुठं सुटलो.”

सौ. झारा हातात घेऊनच बाहेर आली. “अगं बाई! कुणाची रे मुलं? आणि पोलिसांत कळवलंत की नाही?”

मग तासभर खुलासा चालला. त्याचा मला समजला तो भाग असा.

सौ.जवळ एक जुनी वही आहे. तीत तिच्या आईच्या हातची चकलीची कृती लिहिलेली आहे. ही कृती म्हणजे प्रोग्रॅम. आणि ती वाचून कढईत प्रत्यक्ष चाललेले तळण म्हणजे प्रोसेस. वही एकच असली तरी तिच्यावरून तीन बिऱ्हाडांत एकाच वेळी तळण चालू शकते. कॉम्प्युटरमध्ये अशी शेकडो तळणे एकाच वेळी चाललेली असतात. कोणाला कढई किती वेळ मिळावी, कोणी थांबावे, कोणाचे नाव यादीतून कधी कमी करावे, हे सर्व पाहणारी एक कडक आत्याबाई आत बसलेली असते. तिचे नाव ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचा जो आतला गाभा त्याला म्हणतात कर्नल. हा पलटणीतला कर्नल नव्हे. फळाच्या कवचीतल्या गराला इंग्रजीत जो शब्द आहे तो हा.

आता युनिक्स नावाच्या घराण्यात प्रोसेस आकाशातून पडत नाही. तिला जन्म देणारी दुसरी प्रोसेस आधी असावी लागते. (लिनक्सवर चालणारी यंत्रे, ॲपलचे मॅक, तुमच्याआमच्या खिशातले अँड्रॉइड फोन, हा सारा याच घराण्याचा किंवा त्याच्या वळणावर गेलेला गोतावळा आहे.) जन्म देण्याच्या क्रियेला म्हणतात ‘फोर्क’. जेवणाच्या टेबलावरचा काटा नव्हे, रस्त्याला फुटतो तो फाटा. पालकाने फोर्क म्हटले की कर्नल त्याची हुबेहूब नक्कल काढते. ही नक्कल इतकी बेमालूम असते की जन्मलेले मूल बापाच्याच आठवणी घेऊन, बाप ज्या ओळीवर बोट ठेवून उभा होता त्याच ओळीवर बोट ठेवून उभे राहते. मग यातला बाप कोण आणि मूल कोण, हे त्या दोघांना तरी कसे कळावे? तर फोर्कचे उत्तर दोघांना निरनिराळे मिळते. बापाला मुलाचा क्रमांक सांगितला जातो आणि मुलाला सांगितले जाते, शून्य. त्यावरून दोघांनी समजून घ्यायचे. पुढे मूल बहुधा बापाकडून आलेले सारे टाकून देते, नवा प्रोग्रॅम अंगावर चढवते आणि कामाला लागते.

“पण बापच का?” सौ.ने हरकत घेतली. “वाट तर आई पाहते.”

“इंग्रजीत नुसतं ‘पालक’ म्हणतात, आई.”

“आणि याने वाट पाहिली नाही म्हणालास ना? मग बापच असणार.”

यावर मी काही बोललो नाही.

मूल कामाला लागले की पालकाने काय करायचे? साधी गोष्ट, ‘वेट’ म्हणायचे आणि थांबायचे. कॉम्प्युटरला आपण जो हुकूम टंकतो तो घेणारा एक दरवान असतो, त्याला शेल म्हणतात. आपण हुकूम दिला की शेल एक मूल जन्माला घालतो, काम त्याच्यावर सोपवतो आणि वेट म्हणून झोपी जातो. मुलाचे काम आटोपले की कर्नल त्याला उठवते आणि तो पुढच्या हुकुमाला हजर होतो. हुकुमाच्या शेवटी ‘आणि’चे ते वेलबुट्टीदार इंग्रजी चिन्ह टाकले, तर मात्र शेल थांबत नाही. मूल परसात काम करीत राहते आणि शेल ओटीवर पुढच्या माणसाशी बोलायला मोकळा होतो.

इतकी सरळ गोष्ट पहिल्याच दिवशी कोणाला सुचली असेल, असे वाटते ना? तसे झालेले नाही. हा इतिहास मोठा गमतीचा आहे. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे मुख्य कारागीर. त्यांच्या हाताशी पीडीपी-७ नावाचे एक जुने यंत्र होते. त्यावर प्रारंभी प्रोसेस होत्या फक्त दोन; यंत्राला जोडलेल्या दोन टर्मिनलांना प्रत्येकी एक. मुलेबाळे नव्हतीच. हुकूम आला की शेल स्वतःच आपला वेष उतरवून त्या कामाचा वेष चढवी, आणि काम संपले की ट्रंकेतून शेलचा वेष नव्याने काढून घाली. जिथे मूल नाही तिथे वाट कोणाची पाहणार?

फोर्कची कल्पना या दोघांची नव्हे. मेल्विन कॉनवे यांनी ती १९६३ साली मांडली होती आणि बर्कलेच्या विद्यापीठातल्या एका यंत्रावर तिचा एक अवतार चालूही होता. टॉम्प्सन शिकले ते बर्कलेलाच. पीडीपी-७ वर फोर्क आणायला अवघ्या २७ ओळी पुरल्या, असे रिची यांनी पुढे लिहून ठेवले आहे. सत्तावीस ओळींत अपत्यप्राप्ती! पण मूल झाले तरी त्याची वाट कशी पाहायची, याची सोय मात्र कोणी केलेली नव्हती.

मग त्यांनी एक युक्ती काढली. एका प्रोसेसने दुसरीला निरोप पाठवण्याची व्यवस्था यंत्रात होती, आणि निरोप घेतला जाईपर्यंत पाठवणाराला थांबून राहावे लागे. तेव्हा शेलने मुलाला कामाला लावून त्याच्या नावे एक पत्र टाकायचे आणि पोहोच मिळेपर्यंत दारात उभे राहायचे. मूल आपल्या कामात गर्क. ते पत्र घेतच नाही. काम संपवून ते निघून गेले की पत्र ‘मालक सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत येई. त्यावरून शेलने ओळखायचे की कामगिरी आटोपली! म्हणजे पत्र टाकायचे तेच मुळी ते परत यावे म्हणून. हे ऐकून मी चिरंजीवांना पुन्हा सांगायला लावले, इतके ते मला आवडले.

पण यात एक गोम होती. एखाद्या मुलाने खरोखरच आपले टपाल उघडून पाहिले, तर शेलचे ते खोटे पत्र त्याच्या हाती पडे. इकडे शेलला वाटे, झाले काम! आणि मूल अजून कामात असतानाच तो पुढचा हुकूम घेऊ लागे. शेवटी ही लबाडी सोडून देऊन ‘वेट’ ही स्वतंत्र, स्वच्छ मागणी करण्यात आली. नोव्हेंबर १९७१ ची तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकात ती आहे आणि आजतागायत ती त्याच नावाने चालते.

त्याच दिवसांतला आणखी एक किस्सा सांगतो आणि पुढे जातो. मुले जन्माला येऊ लागल्यावर एके दिवशी असे दिसले की, ‘या खोलीतून त्या खोलीत जा’ हा हुकूमच चालेनासा झाला आहे. बरीच शोधाशोध झाली. मग लक्षात आले की हुकूम पाळला जात होता. मूल इमानेइतबारे दुसऱ्या खोलीत जात होते, आणि तिथेच संपत होते. बाप होता त्याच खोलीत! मुलाने घर बदलल्याने बापाचे घर बदलत नाही. तेव्हापासून तो एक हुकूम शेलला स्वतःच पाळावा लागतो.

वेटमधला खरा रस पुढेच आहे. मूल सुटते (प्रोसेस संपली की ‘मेली’ असे म्हणतात, पण सणासुदीचे दिवस, म्हणून सौ.ने ‘सुटली’ म्हणायला लावले) तेव्हा जाताना ते पालकासाठी एक निरोप ठेवून जाते. निरोप म्हणजे एक आकडा, ० ते २५५ पैकी. शून्य म्हणजे सर्व ठीक. आमच्या वेळी शून्य पडले की पाठीत धपाटा मिळे. इथे शून्य मिळवणारा पहिला. यशाला एकच आकडा पुरतो. उरलेले सारे २५५ अपयशाच्या तऱ्हांसाठी राखून ठेवलेले. शेलच्या रिवाजात १२७ म्हणजे ‘या नावाचे कोणी सापडले नाही’. मी वसतिगृहात होतो तेव्हा वडिलांना कार्ड टाकीत असे, ‘सुखरूप पोहोचलो’, बस्स. हा आकडा म्हणजे तसलेच कार्ड आहे.

आणि हे कार्ड पालकाने हाती घेईपर्यंत कर्नल ते फेकून देत नाही. मुलाची जागा, भांडीकुंडी, सारे ती ताबडतोब काढून घेते. पण नोंदवहीतला त्याचा क्रमांक आणि त्याचा तो शेवटचा आकडा जपून ठेवते. न जाणो, पालक अजून विचारील! पालकाने वेट म्हणून विचारले की आकडा त्याच्या हवाली होतो आणि नाव पुसले जाते. पालकाने विचारलेच नाही, तर ते नाव तसेच राहते. काम नाही, शरीर नाही, नुसते नाव. अशा प्रोसेसला त्या लोकांनी ‘झाँबी’ म्हटले आहे, म्हणजे चालते प्रेत. तिला मारताही येत नाही. ९ क्रमांकाचा इशारा पाठवला की कोणतीही धडधाकट प्रोसेस जागच्या जागी आडवी होते. पण आधीच सुटलेल्याला काय सोडवणार?

“म्हणजे कावळा शिवत नाही, तसंच म्हण की!” मी म्हणालो.

“अहो, उद्या वसुबारस! काहीतरी भलतंसलतं बोलू नका,” सौ.ने मला गप्प केले.

मात्र पालक स्वतःच आधी सुटला, तर मुलांचे हाल होत नाहीत. यंत्र सुरू होताना जी पहिली प्रोसेस जन्मते तिचा क्रमांक १. जुने नाव ‘इनिट’. अनाथ झालेली मुले सामान्यतः तिच्या पदरी दत्तक जातात. ती मोठी खमकी बाई. आयुष्यभर दारात बसून येईल त्याचे कार्ड घेते आणि नाव पुसते. इथे आजोबांना मात्र काही हक्क नाही. वेट फक्त स्वतःच्या मुलासाठी म्हणता येते, नातवासाठी नाही. बाप गेला म्हणून नातू आपोआप आजोबांकडे येत नाही. विंडोजच्या घरात रीत निराळी आहे. तिथे मुलाचा हात ज्याने धरून ठेवला असेल त्याला थांबता येते, मग तो बाप असो की शेजारी.

आता त्या रात्रीचा घोटाळा. चिरंजीव ज्या कंपनीत आहेत ती लोकांना घरबसल्या वस्तू मागवण्याची सोय करून देते. नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्या यंत्रात एक पालक-प्रोग्रॅम बसवलेला होता. मागणी आली की त्याने एक मूल जन्माला घालायचे. मुलाने बिल तयार करायचे आणि सुटायचे. पण असा पालक वेट म्हणून झोपून कसा चालेल? तो झोपला तर पुढचे गिऱ्हाईक ताटकळणार. अशांसाठी दुसऱ्या दोन रिती आहेत. एक म्हणजे दार उघडून डोकावायचे, कोणी आले असेल तर कार्ड घ्यायचे, नसेल तर न थांबता कामाला लागायचे. दुसरी म्हणजे कर्नललाच सांगून ठेवायचे की, मूल सुटले की बेल वाजव. (तिसरीही एक रीत आहे. ‘मला मुलांची खबर नको’ असे पालकाने आधीच जाहीर करायचे. मग आजच्या यंत्रांत कर्नल नाव लगेच पुसून टाकते. पण बिल झाले की नाही हे ज्याला कळायला हवे त्याला ही रीत उपयोगाची नाही.) कंपनीच्या पालकाने बेलची व्यवस्था केली होती. बेल वाजली की तो जाई, दार उघडी, आलेल्या मुलाचे कार्ड घेई, दार लावी.

“मग यात चुकलं कुठं?” मी विचारले.

“ती बेल मोजत नाही, बाबा. एक मूल आलं की बेल वाजते. पण बापानं ती ऐकण्याआधी आणखी तीन आली, तर चार बेला वाजत नाहीत. एकच वाजते. बाप दार उघडतो, एकाला घेतो, दार लावतो. बाकीची तिघं जिन्यातच!”

एरवी वर्षभर हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मागण्या तुरळक; एक मूल आले, बेल वाजली, आत घेतले. दिवाळीची झुंबड उडाली आणि मुले घोळक्याने सुटू लागली. दर वेळी दोनचार जिन्यात राहू लागली. पुष्कळ लिनक्स यंत्रांवर प्रोसेसच्या क्रमांकांची मर्यादा वर्षानुवर्षे ३२,७६८ अशी ठरलेली होती, आणि झाँबीचे नावही त्यात धरले जाते. नोंदवही भरत गेली. संध्याकाळी केव्हातरी पालकाने फोर्क म्हटले आणि कर्नलने साफ नकार दिला. त्यानंतर एकही बिल निघेना.

तातडीचा उपाय म्हणून त्यांनी त्या पालकालाच मारले. त्याबरोबर जिन्यातली सारी मुले दत्तक गेली आणि क्रमांक १ च्या बाईने क्षणात सर्वांची कार्डे घेऊन जिना मोकळा केला. मग पालकाला नव्याने उभे करून खरी दुरुस्ती केली. ती एका शब्दाची होती. बेल वाजल्यावर ‘जर कोणी आले असेल तर कार्ड घे’ असे लिहिले होते. तिथे ‘जोवर कोणी आहे तोवर कार्ड घेत राहा’ असे केले. जर काढून जोवर घातला, एवढेच.

“कुणी लिहिलं होतं रे ते ‘जर’?” मी हसत विचारले.

चिरंजीव ताटावरचे झाकण काढत होते. ते तसेच हातात धरून म्हणाले, “मीच.”

सौ. आत गेली. तेल गार व्हायला लागले होते. मी काहीतरी म्हणायचे म्हणून म्हणालो, “असू दे. वरच्यांना सांगितलंस का?”

“सांगितलं. त्यांनी विचारलं, मग सांगितलं.”

ते जेवू लागले आणि मला दोन वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. चिरंजीव बंगळूरला गेले होते. दोन मित्रांबरोबर स्वतःचा धंदा काढायचा म्हणून चांगली नोकरी सोडून गेले होते. चौदा महिन्यांनी एका रात्री असेच उशिरा परत आले, दोन बॅगा घेऊन. तेव्हाही बेल एकदाच वाजली होती आणि दार मीच उघडले होते. “आलास? जेवलास का?” असे म्हणून मी त्यांना आत घेतले, दाराला कडी घातली आणि दिवा बंद केला. तिकडे काय झाले, पैसे कोणाचे बुडाले, मित्र कुठे गेले, यातले काहीच विचारले नाही. मुलाला टोचू नये, सांगायचे असेल तर आपणहून सांगेल, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. महिना गेला, वर्ष गेले, त्यांना ही नोकरी लागली. विषय निघाला नाही. घरात बंगळूरचे नाव निघाले की कोणीतरी उठून पाणी प्यायला जात असे. आमच्या या समजूतदारपणाचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

“अरे,” मी म्हणालो, “बंगळूरला काय झालं होतं?”

चिरंजीवांचा घास हातातच राहिला. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत होते.

“तुम्ही कधी विचारलंच नाहीत.”

“आता विचारतोय.”

“उशीर झालाय, बाबा. साडेबारा होऊन गेलेत.”

“होऊ देत.”

त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, पाणी प्यायले. मग म्हणाले, “पहिल्यापासून सांगू?”

स्वयंपाकघरात गॅस बंद केल्याचा आवाज झाला. “थांब रे जरा,” सौ. आतून म्हणाली, “हात धुऊन मी आलेच.”